साडेचारशे वर्षांचा हिशेब

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की गोव्यात व्याख्याने होतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्या निघतात, शाळांतून भाषणे होतात आणि या सर्वांत एक वाक्य हमखास येते: साडेचारशे वर्षांच्या गुलामगिरीनंतर गोमंतक मुक्त झाला. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील आकड्याकडे आता कोणी पाहत नाही. राज्य शासनाच्या सेवेत जमिनीच्या दप्तराशी बरीच वर्षे संबंध आल्यामुळे आकडा दिसला की त्याचा ताळा करून पाहण्याची सवय प्रस्तुत लेखकाला जडली आहे. निवृत्तीनंतर पुस्तके वाचताना आणि क्वचित चित्रपट पाहतानाही ती सवय सुटलेली नाही. म्हणून या वेळी या एका आकड्याचा ताळा वाचकांसमोर मांडावा असे ठरविले.

हिशेब सोपा आहे. अफोंसो द आल्बुकेर्क याने तिसवाडी बेट १५१० मध्ये जिंकले. तेथून १९६१ पर्यंत ४५१ वर्षे होतात. बार्देश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगिजांच्या हाती कायमचे आले ते १५४३ मध्ये. त्यांची ४१८ वर्षे भरतात. या तीन महालांना जुन्या काबिजादी म्हणतात. त्यानंतर तब्बल दोनशे वीस वर्षे पोर्तुगीज सत्तेची हद्द जवळजवळ तिथेच थांबली. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत मिळविले गेले. त्या नव्या काबिजादी. त्यांपैकी डिचोली १७८१ मध्ये गेली, म्हणजे तिची १८० वर्षे. पेडणे सर्वांत शेवटी, १७८८ मध्ये गेले. त्याची १७३ वर्षे.

म्हणजे साडेचारशे हा आकडा जुळतो तो एका तिसवाडीपुरता. क्षेत्रफळाने पाहिले तर गोव्याचा मोठा भाग नव्या काबिजादीत मोडतो, आणि त्या भागाला हा आकडा लागूच पडत नाही. शिवोलीच्या काठावर उभे राहिले तर समोर शापोरा नदीपलीकडे चोपडे दिसते. अलीकडचा काठ बार्देशचा, पलीकडचा पेडण्याचा. एका नदीच्या रुंदीत २४५ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर आपल्या पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि सभांतून जवळजवळ पुसले गेले आहे, आणि त्याचे परिणाम आजही पेडणे-डिचोलीच्या माणसाला भोगावे लागतात, हे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रथम हे दोन महाल गेले कसे ते पाहू. दोन्ही सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातील. १७४६ मध्ये पोर्तुगीज विजरईने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला. त्या विजयाबद्दल त्याला हळर्णचाच मार्किस ही पदवी मिळाली. पुढे काही वर्षांनी हा भाग भोसल्यांकडे परत गेला. १७८१ मध्ये डिचोली पुन्हा घेतली गेली ती मात्र कायमची. पेडणे तर लढाईत पडले असेही म्हणता येत नाही. कोल्हापूरकरांच्या स्वारीने बेजार झालेल्या खेम सावंतांनी पोर्तुगिजांची मदत मागितली आणि त्या मदतीच्या बदल्यात १७८८ च्या तहाने पेडणे देऊन टाकले. पेडण्याच्या रयतेला कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

उशिरा गेल्यामुळे काय फरक पडला? पहिला फरक धर्माच्या बाबतीत. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. ज्यांना धर्म सोडायचा नव्हता त्यांनी देव उचलले आणि नद्या ओलांडल्या. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर याच रीतीने डिचोली महालातील नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभारविले. म्हणजे ज्या काळाला आपण सरसकट ‘पोर्तुगीज राजवट’ म्हणतो, त्या काळात डिचोली ही पोर्तुगीज सत्तेपासून पळून येणाऱ्यांची आश्रयभूमी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे महाल घेतले गेले तेव्हा युरोपातील वारे बदललेले होते आणि गोव्यातील पोर्तुगिजांची ताकदही ओसरलेली होती. नव्या रयतेच्या देवस्थानांना आणि रूढींना हात लावणार नाही, असे त्यांना मान्य करावे लागले.

दुसरा फरक भाषेचा. नव्या काबिजादीतील रहिवाशांच्या रूढी-रिवाजांची एक संहिता सरकारने तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती सरकारी छापखान्यातून पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ही गोष्ट लहान वाटेल, पण तिचा अर्थ मोठा आहे. जुन्या काबिजादीत सतराव्या शतकात देशी भाषेविरुद्ध फर्माने निघाली. नव्या काबिजादीत त्याच सरकारला रयतेला कायदा समजावा म्हणून मराठी छापावी लागली. घरात आणि बाजारात पेडण्याचा माणूस आपली बोली बोलत होता, हे खरेच. पण देवळातील कीर्तन, घरातील पोथी, दशावतारी काला, शेणैमामांच्या शाळेतील धुळाक्षरे आणि कुळकर्ण्याचे दप्तर हे सारे मराठीत होते. पेडणे-डिचोलीचे मराठीशी असलेले नाते १९६१ नंतर कोणी बाहेरून आणून लावलेले नाही. ते राजवटीपूर्वीचे आहे आणि राजवटीतही तुटलेले नाही.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ‘आमच्यावर पोर्तुगीज राज्य थोडेच दिवस होते, म्हणून आमची संस्कृती शुद्ध राहिली’ असा एक अभिमानाचा सूर आपल्याकडे अधूनमधून निघतो. त्या सुरात सूर मिसळण्याची माझी तयारी नाही. राज्य थोडे दिवस असले म्हणून ते सौम्य होते असे नाही. तसे असते तर साखळी-सत्तरीच्या राण्यांनी वारंवार शस्त्र उचलले नसते. दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड, पुढे कुष्टोबांचे आणि १८९५ चे दादा राण्यांचे बंड ही ठळक उदाहरणे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातील पत्रादेवी पेडणे तालुक्यातलीच. पंजाबहून आलेले कर्नैल सिंग तेथेच पडले.

शिवाय गावातील सत्ता कोणाच्या हातात होती, हाही प्रश्न उरतोच. जुन्या काबिजादीत गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची पद्धत होती. ती सर्वांना न्याय देणारी होती असे नाही, पण जमीन संस्थेची होती. नव्या काबिजादीत देसाई, सरदेसाई, मोकासदार, इनामदार यांचा वरचष्मा होता. पोर्तुगिजांनी ही घडी मोडली नाही. उलट तिच्यावर आपला शिक्का उठवला. पेडण्याच्या देशप्रभूंना व्हिस्कोंद ही पदवी मिळाली ती याच धोरणातून. डिचोली तालुक्यातील मये गावाची मालकी एका पोर्तुगीज कोंदाकडे होती. अशा व्यवस्थेत भाटकाराच्या जमिनीत खोपटे बांधून राहणाऱ्या मुंडकाराला पणजीत कोणाचा झेंडा फडकतो याने फारसा फरक पडत नसे. त्याचे पारतंत्र्य १५१० ला सुरू झाले नव्हते आणि १९ डिसेंबर १९६१ ला संपलेही नाही. त्याच्यासाठी महत्त्वाची वर्षे म्हणजे १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि कुळाला जमिनीचा मालक ठरविणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती. यांतील पहिला कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री असलेले दयानंद बांदोडकर जन्माने पेडण्याचेच, हाही योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता पुस्तकांकडे वळू. गोव्याविषयी इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये भरपूर लिहिले गेले आहे. त्यातील बराचसा भाग जुन्या काबिजादीविषयी असतो आणि मुखपृष्ठावर मात्र ‘गोवा’ लिहिलेले असते. या बाबतीत दामोदर कोसंबी यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. गोव्यातील ग्रामसंस्थेवरील त्यांचा निबंध १९६२ च्या त्यांच्या प्रसिद्ध संग्रहात आहे, आणि त्यांनी त्याच्या शीर्षकातच ‘जुन्या काबिजादीतील’ असे शब्द घातले. आपण काय अभ्यासले आणि काय नाही, हे एका शब्दात सांगण्याची ही शिस्त पुढच्या अनेकांनी पाळली नाही. पांडुरंग पिसुर्लेकर स्वतः सत्तरीतील पिसुर्ले गावचे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे दप्तर त्यांनी आयुष्यभर धुंडाळले आणि पोर्तुगेज-मराठे संबंध उजेडात आणले. भोसले, राणे, सौंदेकर ही नावे केवळ ‘शत्रू’ म्हणून न येता राजकारण करणारी माणसे म्हणून इतिहासात उभी राहिली याचे श्रेय मुख्यतः त्यांना जाते. बा. द. सातोस्करांनी ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’ या ग्रंथात सर्व गोव्याचा संसार एकत्र मांडण्याचे प्रचंड काम केले. पिसुर्लेकरांचे लक्ष मुख्यतः दरबारांवर आणि तहांवर होते, तर सातोस्करांचे सबंध गोमंतकावर. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एका गावाचा, त्यातील कुळांचा, पाण्याच्या वाटपाचा, देवळातील मानपानाचा कागदोपत्री इतिहास लिहिण्याचे काम या थोरांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले, असेच म्हणावे लागेल.

ललित लेखनात एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोंकणी कादंबरी १९७७ ची. खाण आल्यावर एक शेतकरी गाव आतून कसे मोडत जाते, याचे तिच्यातील चित्र डिचोलीच्या वाचकाला परके वाटूच शकत नाही. खाणीची चौकशी, अहवाल, न्यायालये हे सारे येण्याच्या कितीतरी आधी एका कादंबरीकाराला ते दिसले होते. मराठी आणि कोंकणी यांच्या वादात अडकून ज्यांनी ती वाचली नसेल, त्यांनी वाद बाजूला ठेवून वाचावी, असा माझा आग्रह आहे.

चित्रपटांची स्थिती अधिक बोलकी आहे. १९६५ चा ‘जौहर महमूद इन गोवा’ हा विनोदपट सोडून देऊ. ख्वाजा अहमद अब्बास यांचा १९६९ चा ‘सात हिंदुस्तानी’ हा गोवा मुक्तीच्या लढ्यावरचा, सद्हेतूने काढलेला चित्रपट. अमिताभ बच्चन यांचा तो पहिला म्हणून आज तो लक्षात राहिला आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या सहा जणांबरोबर गोव्याची प्रतिनिधी म्हणून येते ती मारिया. १९७३ च्या ‘बॉबी’मध्ये गोवेकर म्हणजे ब्रागांझा. त्यानंतर हिंदी पडद्यावर गोवेकर ख्रिस्तीच असतो आणि बहुधा त्याच्या हातात प्याला असतो. यात ख्रिस्ती गोमंतकीयांवरही अन्याय आहे, कारण त्यांचेही ते व्यंगचित्रच आहे. ‘दिल चाहता है’मुळे २००१ पासून शापोऱ्याचा किल्ला तरुणांचे तीर्थक्षेत्र झाला. तो किल्ला कोणावर नजर ठेवण्यासाठी होता, हे मात्र तेथे बसून छायाचित्रे काढणाऱ्यांना ठाऊक नसते. नदीपलीकडे भोसल्यांचे पेडणे होते, म्हणून तो तेथे होता.

श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) मात्र वेगळ्या जातीचा. सासष्टीतील लोटली गावातल्या एका जुन्या घरात तो चित्रित झाला. काळ १९६१ चा. जमीनदार घराण्यातील वृद्ध विधवा आपल्या मृत पतीचा आत्मा बोलावू पाहते; पण पतीऐवजी येतो तो एका राणे बंडखोराचा आत्मा, ज्याचा बळी तिच्या पूर्वजांच्या हातून गेलेला असतो. हा प्रसंग मला गोव्याविषयीच्या सर्व चित्रपटांतील सर्वांत खरा वाटतो. जुन्या काबिजादीच्या दिवाणखान्यात नव्या काबिजादीचा माणूस येतो तो भूत होऊन. त्याला कोणी बोलावलेले नसते, आणि तो आला की घराला आपला जुना हिशेब आठवतो. बेनेगलांच्या मनात हा अर्थ नेमका असाच होता की नाही हे महत्त्वाचे नाही. पडद्यावर तो उमटला आहे.

अलीकडे चित्र थोडे बदलते आहे. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा ‘पलतडचो मनिस’ (२००९) हा महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरील कोंकणी चित्रपट किनारा सोडून सह्याद्रीच्या जंगलात गेला आणि टोरोंटोच्या महोत्सवात गौरविला गेला. २०२५ चा मराठी ‘दशावतार’ सिंधुदुर्गाच्या मातीतला. पण दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला म्हातारा दशावतारी कलाकार पाहताना पेडण्याच्या प्रेक्षकाला आपलाच शेजारी दिसतो. गोव्यावरील चित्रपटात स्वतःला न सापडणारा पेडणेकर तेरेखोलपलीकडच्या चित्रपटात सापडतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, दोनशे-अडीचशे वर्षांच्या फरकाचा आज काय उपयोग? पहिले उत्तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आहे. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. या निकालाकडे पुष्कळ लेखक हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशा चष्म्यातून पाहतात. तो चष्मा अपुरा आहे. जुन्या काबिजादीतील अनेक हिंदूंनी विलीनीकरणाविरुद्ध मत दिले, आणि पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे राहिला. त्या कलामागे मराठीचे जुने नाते होते, सावंतवाडीकडचे सोयरेसंबंध होते आणि भाटकारशाहीतून सुटण्याची आशाही होती. कौल झाला, तो सर्वांनी मानला, १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले. मी स्वतः त्या घटकराज्याची नोकरी अभिमानाने केली. परंतु पंचावन्न-साठ वर्षांनंतरही विलीनीकरणवादी म्हणजे गोव्याशी बेइमान, असा आरोप जेव्हा कानांवर येतो तेव्हा वाटते की आरोप करणाऱ्याला साडेचारशेच्या पलीकडचा आकडा कोणी शिकवलेलाच नाही. मराठीत लिहिणारा पेडणेकर हा कमी गोमंतकीय नाही. त्याचा गोमंतक वेगळ्या वाटेने घडला, इतकेच.

दुसरे उत्तर जमिनीत आहे, आणि ते अधिक तातडीचे आहे. जुन्या काबिजादीत कोमुनिदादीमुळे जमिनीच्या व्यवहाराला निदान एक संस्थात्मक अडसर होता, मग तो कितीही दुबळा का असेना. पेडण्यात मोठमोठे सडे आणि भाटे थोड्या घराण्यांच्या नावांवर. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचे नाव असते, नसते, किंवा वादात असते. असा वाद वर्षानुवर्षे न सुटता पडून राहतो आणि मधल्या काळात जमिनीचा भाव वाढत जातो. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ज्या सड्यावर गुरे चरत होती तेथे आता हॉटेले आणि वसाहती यांची आखणी होते. २०२३ मध्ये पेडण्याच्या झोनिंग आराखड्याचा मसुदा आला तेव्हा तालुक्यातून मोठा विरोध झाला आणि तो बाजूला ठेवावा लागला. विरोध करणाऱ्यांना विकास नको आहे असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या आजाने भाटकाराची चाकरी केली, बापाने कूळ म्हणून अर्ज केला आणि ज्याचा निकाल अजून लागायचा आहे, त्याच्या डोक्यावरून जमीन विकली जाते, ही खरी तक्रार आहे.

डिचोलीची कथा तशीच, फक्त धुळीच्या रंगाची. खाणींचे परवाने पोर्तुगीज अमदानीतले. त्यांचे पट्ट्यांत रूपांतर झाले १९८७ च्या कायद्याने. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द ठरविले आणि २०२२ अखेरीस नव्याने लिलाव झाला त्यात पहिलाच गट डिचोली-मुळगावचा होता. मये गावातील रहिवाशांना आपल्या घराखालच्या जमिनीचा हक्क मिळावा यासाठी कायदा झाला तो २०१४ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर ५३ वर्षांनी. मयेकराला विचारा, त्याचे साडेचारशे वर्षांचे पारतंत्र्य १९६१ ला संपले का? तो हसेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ‘साडेचारशे वर्षे’ हे वाक्य आता व्याख्यानांतून रजेवर पाठवावे. शाळेच्या पुस्तकात गोव्याचा एक इतिहास न शिकवता मुलाला आधी त्याच्या तालुक्याचे वर्ष शिकवावे: पेडण्याच्या मुलाला १७८८, डिचोलीच्या मुलाला १७८१. मग त्याला आपोआप प्रश्न पडेल की त्याआधी येथे कोण होते, आणि नंतर कोणाचे चालत होते. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी आणि पोर्तुगीज कागदांचे गठ्ठे आहेत. देवस्थानांच्या आणि जुन्या घरांच्या माळ्यांवरही दप्तरे आहेत. ती दर पावसाळ्यात थोडी थोडी संपत आहेत. मोडी वाचणारे हात कमी होत चालले आहेत. आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी कविसंमेलनांच्या बरोबरीने वर्षाला एका गावाचे दप्तर वाचून छापण्याचा संकल्प केला, तर दहा वर्षांत दहा गावांना आपला इतिहास मिळेल. जमिनी विकल्या जाण्याआधी त्या कोणाच्या होत्या, हे निदान लिहिलेले तरी राहील.